शेपटं गेलेले कोंबडे : गिनी आणि गावरान एकाच खुराड्यात

फाल्गुन लागला होता. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात जिकडेतिकडे हळद शिजवायची धांदल. त्यातच एका आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, काकूंचा फोन आला. "डॉक्टर, कोंबड्यांला रोग पडलाय बघा. कोंबड्याचे शेपटंच राहिना गेलेत. अन् अंडेबी बंद झालेत."

मी पशुवैद्यकातली पदविका घेतलेला माणूस. पण आमच्याकडं बॅग घेऊन गोठ्यात शिरणारा प्रत्येक जण डॉक्टरच असतो. त्या दिवशी दोन म्हशी तपासून दुपारी आखाड्यावर पोचलो. पुढं जे झालं त्यात माझ्या दोन चुका आहेत. गिनी (गिनी फाऊल, कोंबडीच्या जातकुळीतला ठिपक्यांचा पक्षी) पाळू पाहणाऱ्यांना त्यांचाच जास्त उपयोग व्हावा, म्हणून त्या झाकून ठेवलेल्या नाहीत.

आखाडा सात एकरांचा, काळ्या जमिनीचा, कालव्याच्या पाण्यावरचा. हळद, सोयाबीन, बांधाला तूर. दोन लाल कंधारी बैल, एक म्हैस, चार शेळ्या. गावरान कोंबड्या २२, कोंबडे ३, आणि गिनी ११. कोंबड्या काकूंच्या, त्यांच्या सासूपासून चालत आलेल्या. गिनी मात्र आबांची, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांची हौस. दिवाळीच्या आधी मोटारसायकलला जाळीचे पिंजरे बांधून फिरणारा एक विक्रेता आला. दोन महिन्यांची गिनीची पिल्लं त्यानं "जोड्या घ्या जोड्या" म्हणत गळ्यात मारली. पाच जोड्या आणि वर एक. जोडी म्हटल्यावर एक नर अन् एक मादी असंच आबा समजले. विकणाऱ्याच्या लेखी जोडी म्हणजे नुसते दोन नग होते. या प्रकरणाचं मूळ त्या एका शब्दात होतं, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आबांना गिनी हव्या होत्या सापासाठी आणि गोचिडांसाठी. "गिनी असली की साप आखाड्यावर फिरकत नाही," असं त्यांना सांगितलेलं. त्याकडं पुढं येतो.

खुराडं एकच. मातीच्या भिंती, वर पत्रा, आठ बाय सहा फूट, दीड फुटाचं एकच दार. अठ्ठेचाळीस चौरस फुटांत छत्तीस पक्षी, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सव्वा फुटाहून थोडी जास्त जागा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबडीलासुद्धा रात्री बसायला दोन चौरस फूट तरी मिळायला हवेत. गिनीला त्याहून जास्त लागते, आणि मुळात तिला जमिनीवर बसायचंच नसतं. आफ्रिकेतल्या माळरानाचा हा पक्षी. दिवसभर जमिनीवर चरतो, अंधार पडला की झाडावर चढतो. थंडीभर सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं, त्यामुळं जागेचा विचार कुणी केला नाही.

पहिल्या भेटीत मी कोंबडे उचलून पिसं फुगवून पाहिली. उवा थोड्या होत्या, त्या गावरान पक्ष्यात असतातच. शेपटीच्या बुडाशी पिसं उपटल्यासारखी, मधेमधे रक्ताच्या खपल्या. मी निदान ठोकलं : उवा, आणि खाण्यात क्षार-प्रथिनं कमी पडल्यामुळं एकमेकांची पिसं टोचायची खोड. अंडी कमी होण्याचं खापर उन्हावर फोडलं. दुपारचं ऊन चाळिशीकडं झुकलं होतं, तेव्हा ते निदान कुणालाही पटण्यासारखं होतं. उवांची पावडर आणि खनिज मिश्रण दिलं, राखेचा खड्डा करायला सांगितला आणि निघालो. गिनी तेव्हा बांधाच्या पलीकडं चरत होत्या. त्यांच्याकडं मी पाहिलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. मोठा कोंबडा मेला होता.

आता शेजारच्या आखाड्यांवर कुजबुज सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता. शेकडो कोंबड्या मेल्या, बाकीच्या प्रशासनाला माराव्या लागल्या. त्या आठवणीमुळं आमच्या भागात एक कोंबडी मेली तरी लोक दबक्या आवाजात बोलू लागतात, आणि ते चुकीचं नाही. पण बर्ड फ्लू एका कोंबड्यावर थांबत नाही. एका-दोन दिवसांत पटापट पक्षी आडवे पडतात, तुरे निळे-काळे पडतात, डोकी सुजतात. इथं पस्तीस पक्षी खातपीत, फिरत होते. मेलेला कोंबडा उचलला तर छातीचं मधलं हाड सुरीसारखं हाताला लागलं. गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी. पाठीवर, शेपटीच्या वर, रुपयाएवढी जखम आणि तिच्यात अळ्या. रोगानं नव्हे, उपाशी राहून आणि जखम चिघळून तो गेला होता. घरात ज्वारी-बाजरीची पोती असताना कोंबडा उपाशी मरतो, हे काय गणित?

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, खुराडं उघडायच्या आधी, वही घेऊन बाजेवर बसलो.

दार उघडलं. आधी गिनी बाहेर पडल्या, सगळ्या एका झुंडीनं, आणि दारासमोरच थांबल्या. कोंबड्या आत खोळंबल्या. एकेक कोंबडी मान काढायची, परत आत घ्यायची. काकूंनी दाणे टाकले, रोजच्यासारखे एकाच लांब पन्हाळीत. गिनी पन्हाळीवर तुटून पडल्या. उरलेले दोन कोंबडे लांबून फेरी घालून आले, तेवढ्यात एक गिनी पन्हाळ सोडून निघाली. मान खाली, पंख पाठीवर किंचित उचललेले, आणि सायकलच्या चाकासारखी सुसाट पळत मागून येऊन कोंबड्याच्या शेपटीचं पीस ओढून पसार. कोंबडा वळला, मानेची पिसं फुलवली, लढायला समोर उभा राहिला. समोर कुणीच नाही. तेवढ्यात मागून दुसरी.

पाऊण तासात ४१ पाठलाग मोजले. त्यांतले कोंबड्यांवर झालेले २९, उरलेले गिनींचे आपसातले.

गावरान कोंबड्याच्या भांडणाला रीत असते. समोरासमोर उभं राहायचं, मान फुलवायची, उडी, टाच, आणि एकानं मान टाकली की संपलं. हरलेला बाजूला होतो, जिंकलेला बांग देतो, दोघंही संध्याकाळी एकाच दांडीवर बसतात. गिनीला ही रीत ठाऊकच नाही. ती पळत भांडते, मागून धरते, आणि मान टाकणं म्हणजे हार, हे तिला कळत नाही. म्हणून पाठलाग थांबतच नाही. आणि हे सगळं फाल्गुनातच का, तर दिवस मोठा होऊ लागला की गिनीचा विणीचा हंगाम सुरू होतो. ऑगस्टमधली पिल्लं आता सात-आठ महिन्यांची, वयात आलेली. थंडीतली शांतता त्यांच्या स्वभावाची नव्हती, वयाची होती.

पण अकराच्या अकरा जणी मारत नव्हत्या. वहीत सारख्या खुणा पडत होत्या त्या काहींच्याच, फक्त कोणती कोण हे ओळखू येईना. गिनीत नर-मादी रंगानं, आकारानं जवळपास सारखेच दिसतात. नराच्या गालाखालचे लाल लोंब जरा मोठे आणि फुगीर असतात, पण त्यावर विसंबलं की फसगत होते. भरवशाची खूण एकच : आवाज. मादी दोन तुकड्यांत ओरडते, दुसरा तुकडा वर चढतो. काकूंच्या दहावीतल्या पोराला तो आवाज "चल-घरीऽ, चल-घरीऽ" असा ऐकू यायचा आणि मला आता तसाच ऐकू येतो. नर एकसुरी "ची-ची-ची-ची" करतो. मादी घाबरली की एकसुरी ओरडू शकते, पण नर दोन तुकड्यांत कधीच ओरडत नाही. म्हणजे "चल-घरी" ऐकलं की मादी पक्की; एकसुरी ऐकलं तर मात्र थोडं थांबायचं.

रात्री खुराड्यातून एकेक काढून सकाळी डालग्याखाली एकटी ठेवली. गिनीला एकटेपणा सोसत नाही, पाच मिनिटांत हाका सुरू होतात. मादी कळली की पायात लाल दोरा, नराला निळा. माझी दुसरी चूक इथली. कोंबडीला धरतात तसं मी एका गिनीला पायाला धरून उचललं. तिनं एक हिसडा दिला आणि पाय गेला. गिनीचे पाय नाजूक असतात. तिला दोन्ही पंखांसकट अंगाशी घट्ट धरायचं असतं. पुस्तकात वाचलेलं होतं, हाताला माहीत नव्हतं.

दुपारी हिशोब लागला. लाल दोरे तीन, निळे आठ.

तीन माद्यांमागं आठ नर! एका नराला चार-पाच माद्या असल्या की गिनीचा कळप बराच निवांत राहतो. इथं गणित उलटं झालेलं. ज्यांना मादी मिळेना ते नर एकमेकांवर धावत होते, आणि आपसातल्या धावपळीतून जे उरलं ते कोंबड्यांच्या शेपटांवर निघत होतं. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे जोडी घेतलीच नव्हती म्हणा की आपण." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

सहा नर कमी केले. पाच वसमतच्या बाजारात गेले, लंगडा झालेला घरी शिजला. (मांस तितरासारखं, काळपट, जरा चिवट. आबांना आवडलं.) ठेवले दोन नर, तीन माद्या. तिघींना एक नर पुरला असता. पण एकाला काही झालं तर अंडी फुकट जातील, म्हणून दुसरा राखला. हा निर्णय बरोबर होता का, याबद्दल मी अजून साशंक आहे.

अंड्यांचं कोडं त्याच आठवड्यात सुटलं. पोरगं तुराट्यांच्या गंजीमागं चेंडू शोधायला गेलं आणि ओरडत आलं. गंजीच्या पोटात ३१ गावरान अंडी. थंडीत दिवसाला सात-आठ अंडी होती, ती दोन-तीनवर आली म्हणून मी उन्हाला दोष दिला होता; कोंबड्या अंडी देतच होत्या, फक्त घरी देत नव्हत्या. सकाळी दारासमोर गिनींची नाकाबंदी, दिवसभर खुराड्याभोवती पळापळ, तिथं कोण बसणार? पाण्यात टाकून पाहिली, अकरा तरंगली, ती पुरली. शेजारच्या बांधावर गवतात गिनीची १९ अंडी एकाच खड्ड्यात निघाली, तिन्ही माद्यांनी मिळून घातलेली. बारकी, टोकदार, भुरकट ठिपक्यांची, चाळीसेक ग्रॅमची, आणि कवच इतकं कडक की काकूंनी पहिलं अंडं कढईच्या काठावर तीनदा आपटलं.

पुढचे बदल साधे होते. एका पन्हाळीऐवजी तीन, एकमेकींपासून पंधरा-वीस पावलांवर, मधे कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. दिसलं नाही की पाठलाग निम्म्यावर येतो. अंड्यांसाठी दोन फुटक्या घमेल्यांत सोयाबीनचं भुसकट, वरून बारदानाचा पडदा. आणि गिनींचा मुक्काम खुराड्यातून हलवला. गोठ्याच्या एका कोपऱ्याला जाळी मारून सहा फुटांवर बांबू बांधला. आत जायला गिनी तयार होईनात. दोन संध्याकाळी सगळ्या लिंबावर जाऊन बसल्या. मग आत बारका बल्ब लावला. गिनी अंधाऱ्या जागेत पाय ठेवत नाही. उजेड दिसला, खाली बाजरी पसरलेली दिसली, की आपण होऊन शिरते. दहा दिवस त्यांना दिवसाही आतच कोंडलं. नवीन आणलेल्या गिनींना तर चार-सहा आठवडे कोंडून ठेवावं, नाहीतर घर कोणतं हेच त्यांना कळत नाही आणि संध्याकाळी दुसऱ्याच्याच झाडावर मुक्काम ठोकतात.

वेगळ्या मुक्कामाचं दुसरं कारण आजाराचं. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत राहतो, त्याच्या अंड्यांतून काळडोकी (ब्लॅकहेड) या रोगाचा परजीवी पसरतो. कोंबडीला सहसा काही होत नाही, पण टर्कीला तो मारतो, आणि टर्कीइतका नसला तरी गिनीलाही त्रास देतो : पिवळी विष्ठा, पंख गळालेले. म्हणून दोन्हींना जंताचं औषध ठरल्या वेळी. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस गिनीला लागत नाही असं काही जण छातीठोकपणे सांगतात. लागते. गिनी काटक असते, पण राणीखेत तिलाही होतो.

गिनींना बाहेर सोडल्यावर आठवड्यानं मी पुन्हा वही घेऊन बसलो. पाऊण तासात सहा पाठलाग. घरातली अंडी एप्रिल सरता सरता पाच-सहावर आली. थंडीइतकी नाहीत, तेवढा वाटा खरोखरच उन्हाचा होता, आणि चार कोंबड्या खुडूक (अंडी उबवायला) बसलेल्या.

खुडूक कोंबडी पाहून आबांच्या मनात पिल्लांचं आलं. वैशाखात त्यांनी एका कोंबडीखाली आठ गिनीची आणि पाच गावरान अंडी एकदमच ठेवली, मला न विचारता. गावरान पिल्लू एकविसाव्या दिवशी फुटतं, गिनीचं सव्वीस ते अठ्ठाविसाव्या. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, तेविसाव्या दिवशी कोंबडी ती घेऊन उठली. आठ अंडी गार पडली. फोडून पाहिली तर आत पिल्लं धरलेली होती. आबांनी त्यानंतर दोन दिवस गिनीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्यांदा नुसती गिनीचीच १३ अंडी ठेवली. सत्ताविसाव्या दिवशी नऊ निघाली. त्यांतली दोन दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या वाटीत बुडून मेली. गिनीची पिल्लं उंदराएवढी, वाटीत पडली की उठता येत नाही. मग वाटीत खडे भरले, पाणी खड्यांच्या फटीतून प्यायचं. जेठ-आषाढाची ओल त्यांना सगळ्यात वाईट. सकाळच्या दवात, भिजल्या गवतात ती गारठून मरतात, म्हणून पाच आठवडे कोंबडीसकट पडवीतच ठेवली. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते. कोंबडीच्या पंखाखाली ती मिळते, तेव्हा तिला हलवायचं नाही, एवढंच.

खाण्यात एक धोका टळला, तो सांगायलाच हवा. गिनीच्या पिल्लाला सुरुवातीला चोवीस-सव्वीस टक्के प्रथिनं लागतात, नुसत्या कण्यांवर ती खुरटतात. म्हणून काकूंनी ब्रॉयलरच्या पिल्लांचं खाद्य आणलं. मी सहज पोत्याची चिठ्ठी वाचली तर त्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन मिसळलेलं. कोंबडीला ते चालतं. घोड्याला आणि गिनीला ते जीवघेणं ठरू शकतं. पोतं परत केलं, औषध न मिसळलेलं आणलं, जोडीला उकडलेलं अंडं चुरून आणि पोरानं वारुळावरून आणलेली वाळवी. सातच्या सात जगली.

त्याच आषाढात एक मादी बांधावर स्वतःच अंड्यांवर बसली. ती तिथं बसलीय हे कुणाला कळलं नाही. सहाव्या रात्रीनंतर तिथं फक्त पिसं उरली. कोल्हा असावा, नाहीतर रानमांजर.

आता साप आणि गोचीड. श्रावणात गंजीजवळ धामण निघाली. गिनींनी तिच्याभोवती रिंगण धरलं आणि असा काही कालवा केला की दोन आखाड्यांवरची माणसं जमली. धामण बिचारी उंदीर खाऊन पोट भरणारी, तिला जाऊ दिलं. गिनी साप पाहून ओरडते, लहान पिलवळ टोचून मारतेही. पण नागानं आखाड्याकडं फिरकू नये अशी काही तिची दहशत नाही. शिवाय ती लाईनमन आला तरी ओरडते, घार दिसली तरी, वाऱ्यानं ताडपत्री फडफडली तरी. महिनाभरात घरातल्यांचे कान मरतात आणि खऱ्या सापाच्या वेळीही कुणी मान वर करत नाही. पोराच्या दहावीच्या परीक्षेत काकूंनी त्यांना दुपारभर बाजरी टाकून लांबच्या वावरात नेलं होतं. गावात, गल्लीत गिनी पाळायचं कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. भांडण कोंबड्यांचं राहत नाही, शेजाऱ्यांचं होतं.

गोचिडांबद्दल आबा खूश आहेत, मी तितका नाही. अमेरिकेत लाँग आयलंडवर झालेल्या एका अभ्यासात, जो १९९२ साली छापून आला, गिनी चरलेल्या हिरवळीवर मोठे गोचीड कमी आढळले होते. पण आपल्या गोठ्यात गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, बैलाच्या कानात आणि शेपटीखाली बसतात. तिथं गिनीची चोच पोचत नाही. भेगा लिंपणं आणि औषध लावणं सुटलेलं नाही. हां, नाकतोडे आणि वाळवी मात्र त्यांनी चांगली वेचली, आणि कोंबड्यांसारखं काकूंचे मेथीचे वाफे उकरले नाहीत.

यंदाच्या फाल्गुनात राखलेल्या दोन नरांपैकी एकाला पुन्हा चेव आला. या वेळी काकूंनी फोन केला नाही. मी दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा पाहिलं : आधी खुराडं उघडतात, कोंबड्या निवांत दाणे टिपतात, चुलीवर चहा होतो, आबांचा चहा पिऊन झाला की मग गोठ्याची जाळी. निळ्या दोऱ्याचा तो नर तरीही दुपारपर्यंत डालग्याखाली होता. डालग्यावर दगड ठेवलेला, आणि दगडावर शेपूट फुटू लागलेला एक कोंबडा बसला होता.